शेतकरी स्त्री आणि शासकीय अर्थसाहाय्य : प्रथम सातबारावर नाव

बियाणे निवडण्यापासून धान्य कणगीत भरेपर्यंत शेतीतील बहुतेक कष्टाची कामे स्त्रियांच्या हातून होतात, हे कोणाही ग्रामस्थास मान्य होईल. कापसाची वेचणी, भाताची लावणी, भुईमुगाची निंदणी ही तर जणू त्यांचीच कामे होत. तथापि शासन व बँका शेतीसाठी जे अर्थसाहाय्य देतात, ते कष्ट कोणाचे हे पाहून दिले जात नाही. जमीन कोणाच्या नावे आहे हे पाहून दिले जाते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण केवळ सुमारे १४ टक्के आढळले. कष्ट आणि कागद यांमधील या अंतरातच स्त्रियांसाठी ठेवलेल्या सवलती अडकून पडतात. सवलती कोणत्या व हे अंतर कसे मिटवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सवलतींचे स्वरूप

कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास यंत्राच्या खर्चाच्या ४० टक्के, तर स्त्री शेतकऱ्यास ५० टक्के अनुदान मिळते. समजा, एका यंत्राचा मान्य खर्च १ लाख रुपये आहे. पुरुष खातेदारास ४० हजार व स्त्री खातेदारास ५० हजार रुपये मिळतील. मात्र प्रत्येक यंत्रास अनुदानाची कमाल मर्यादा ठरलेली असते, हे ध्यानी ठेवावे.

ठिबक व तुषार सिंचनासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्रीय योजनेतून ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्र राज्याने त्यात पूरक भर घालून हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले आहे. अनेक स्त्रियांच्या वाट्यास येणारे क्षेत्र २ हेक्टरांहून कमी असल्याने त्या साहजिकच वरच्या दरास पात्र ठरतात.

मृद् व जलसंधारणाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बी व खत एका हंगामाचे असते. बांधबंदिस्ती, शेततळे, बांधावरील झाडे यांचे फळ अनेक वर्षांनी पदरात पडते. जमिनीवर ज्याचा हक्क अनिश्चित आहे, तो असा दीर्घ मुदतीचा खर्च करण्यास धजत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. शिवाय शेततळ्याने जमिनीचा तुकडा कायमचा व्यापला जातो. त्यासाठी अर्ज खातेदारानेच करावा लागतो. यास्तव जमीन राखण्याचा प्रश्न हा जमीन कोणाच्या नावे आहे या प्रश्नाशी निगडित आहे.

नाव लावण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग वारसनोंदीचा. हिंदू खातेदार मृत्युपत्र न करता मृत्यू पावल्यास त्याची पत्नी, आई, मुलगे व मुली यांना त्याच्या हिश्श्यात सारखा वाटा मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये संपादन केलेल्या हक्काची वर्दी ३ महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास, द्यावयाची असते. त्यानंतर फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटिसा दिल्या जातात व हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. ३ महिने उलटून गेले तरी हक्क बुडत नाही. वर्दी अवश्य द्यावी. वर्षानुवर्षे मृतांच्या नावे राहिलेल्या उताऱ्यांवर वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर हाती घेतली, यावरून ही अडचण किती व्यापक आहे ते दिसून येईल.

दुसरा मार्ग पतीच्या हयातीतला. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी संघटनेने स्त्रियांचे अधिवेशन भरविले आणि पुढे पतीने आपण होऊन जमीन पत्नीच्या नावे करावी यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली. शासनानेही १९९२ साली त्याच नावाची योजना काढली. तीनुसार पतीने अर्ज केल्यास त्याच्या नावे असलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. त्यासाठी खरेदीखत करावे लागत नाही.

तिसरा मार्ग मुलीच्या हक्काचा. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मतः आहे व त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीने त्याचा अर्थ पूर्ण समजून घ्यावा. एकदा सोडलेला हक्क केवळ मागितल्याने परत मिळत नाही.

कर्ज व जुनी थकबाकी

पीककर्जासाठी उताऱ्यावर नाव असणे सोयीचे आहे. तथापि किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांनुसार कूळ, तोंडी कराराने जमीन कसणारे, बटाईदार आणि त्यांचे गट हेही पात्र आहेत. व्याजसवलतीच्या योजनेत वेळेवर फेड करणाऱ्यास व्याज ४ टक्के पडते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास हा भारही उरत नाही. मुदत चुकली की सवलत गेली, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

विधवा भगिनींपुढे पतीच्या थकबाकीची अडचण उभी राहते. वारसावर कर्जाची जबाबदारी वारसाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच असते. तेव्हा सोसायटीकडून किंवा बँकेकडून खात्याचा लेखी उतारा मागावा, विमा उतरविला होता काय ते पाहावे आणि त्यानंतरच फेडीची बोलणी करावी. सोसायटीचे सभासदत्वही स्वतःच्या नावे करून घ्यावे.

जिच्या नावे जमीन नाही, तिला गटाचा मार्ग खुला आहे. स्वयंसहाय्यता समूह अथवा ४ ते १० जणींचा संयुक्त दायित्व गट यांना तारण न ठेवता कर्ज मिळू शकते. एकीची हमी दुसरी घेते. म्हणून गटात सभासद पारखून घ्यावेत.

अनुदानाचा क्रम चुकवू नये

अनुदान हे बहुधा खर्च झाल्यावर हाती येते. अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी व मग आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम, असा क्रम आहे. पूर्वसंमतीआधी यंत्र घेतल्यास अनुदान नाकारले जाते. प्रारंभीची रक्कम कोठून आणावयाची याची जुळणी आधीच करावी. अन्यथा सावकाराचे व्याज अनुदान गिळून टाकते. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला असून तो जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला आहे.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पत्नीचे नाव लागल्याने पीएम-किसानचे वार्षिक ६ हजार रुपये दुप्पट होत नाहीत. तो लाभ कुटुंबास एकच आहे. तसेच १० टक्के अधिक मिळावेत एवढ्यासाठीच अर्जावर पत्नीचे नाव घालावयाचे आणि खाते व यंत्र स्वतःच्या हाती ठेवावयाचे, ही योजनेची विटंबना होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी योजनांचे पत्रक वाटून थांबू नये. गावचे ८-अ चे उतारे घेऊन बसावे व तीन याद्या कराव्यात : ज्यांच्या वारसनोंदी राहिल्या आहेत अशा विधवा, ज्यांचे पती लक्ष्मीमुक्तीस तयार आहेत अशा स्त्रिया, आणि भूमिहीन वा वाट्याने शेती करणाऱ्या स्त्रिया. पहिल्या दोघींचे अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे पोचवावेत, तिसरीचे गट बांधावेत. ही कामे खरिपाची घाई सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यातच उरकावीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष स्त्री शेतकऱ्यांचे म्हणून घोषित केले आहे. असे वर्ष सभासमारंभांनीही साजरे होईल. पण गावातील एका विधवेचे नाव सातबारावर चढले, तर तिला बी, पाणी व कर्ज यांची वाट दरवर्षी मोकळी होईल. शेतकरी बंधूंनी हे काम आपल्या घरापासून सुरू करावे आणि भगिनींनी आपला उतारा स्वतः वाचून पाहावा.