प्लेगाच्या पोटी आलेल्या बागा

मुंबईतल्या दादर-माटुंग्याच्या बागांचं मूळ शोधायला निघालं की माणूस थेट मांडवीच्या धान्यगोदामांत, तिथल्या उंदरांपाशी जाऊन पोचतो. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचं निदान डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केलं. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. गिरण्यांना कामगार मिळेनात, बंदरातला व्यापार अडला. सरकार खडबडून जागं झालं ते तेव्हा.

त्या काळच्या वैद्यकाचा समज असा, की रोगराई दाटीत, ओलीत आणि कोंदट हवेत वाढते. चाळींच्या अंधाऱ्या खोल्या पाहिल्या तर तो समज पटण्यासारखाच होता. घरं पाडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा आत येऊ द्या आणि लोकांना शहराबाहेर मोकळ्या जागी नेऊन वसवा, असा उपाय ठरला. त्यासाठी 1898 मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गंमत अशी, की त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे प्रयोगाने दाखवलं. पण त्याच्यावर विश्वास बसायला काही वर्षं गेली. थोडक्यात, निदान चुकलं होतं आणि त्या चुकीच्या निदानावर काढलेल्या औषधाचा गुण मात्र मुंबईला आजवर येतो आहे.

ट्रस्टने जुन्या शहरात प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. त्यात ज्यांची घरं गेली, त्यांतल्या पुष्कळ गरिबांना नव्या इमारतींचं भाडं झेपणारं नव्हतं. ते शेजारच्याच चाळीत आणखी दाटीने राहू लागले. शहराच्या उत्तरेला मात्र ट्रस्टला हवी तशी कोरी पाटी मिळाली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा तेव्हा भातखाचरांचा, भाजीच्या मळ्यांचा आणि नारळी-ताडांच्या वाड्यांचा सखल मुलूख होता. तो कुणाचा नव्हता असं नाही. कसणारे होते, वाडीवाले होते. त्यांच्या जमिनी सरकारी भूसंपादनाने घेतल्या गेल्या. आज झाडाखाली बाकावर बसणाऱ्याला तो व्यवहार आठवायचं काही कारण पडत नाही.

जमीन ताब्यात घेणं, भर घालणं, गटारं टाकणं यात वीसेक वर्षं गेली. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं. माटुंगा खऱ्या अर्थाने भरू लागलं ते 1920 नंतर.

जमीन तयार होत होती त्या काळात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका कोनाचा ध्यास घेतला होता. साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या खिडकीपासून आभाळाकडे या कोनात रेघ ओढली, तर समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ असा, की दोन इमारतींमध्ये दहा फुटांची मोकळी जागा असेल, तर समोरची भिंत वीस फुटांपर्यंतच चढवायची. एरवी रुक्ष वाटणाऱ्या या नियमामुळे घराघरांत उजेड आला आणि जुन्या माटुंग्याच्या गल्ल्यांमधून फिरताना अजून आभाळ दिसतं.

नियोजनाच्या मुळाशी इंग्लंडमधल्या उपनगरांचं चित्र होतं. तिथे घर आणि घराभोवती आपापली बाग असते. मुंबईत ते जमलं नाही. जागेचे दर असे होते, की बंगल्याऐवजी तीन मजली इमारत बांधून एकेक ब्लॉक भाड्याने देणंच मालकाला परवडे. कारकून, शिक्षक, वकील अशा मध्यमवर्गाला स्वतंत्र संडास-मोरी असलेलं घर मिळालं; अंगण मिळालं नाही. बागेची खरी गरज इथे निर्माण झाली. ज्याला दारापुढे तुळस लावायलाही जागा नाही, त्याला चौकातली सार्वजनिक हिरवळच आपली वाटणार.

दादरची पारशी कॉलनी हे याचं ठळक उदाहरण. ट्रस्टमध्येच अभियंते असलेल्या मंचेरजी एदलजी जोशी यांनी वरिष्ठांना पटवून पारशी कुटुंबांसाठी 103 भूखंड राखून घेतले. मधोमध रस्त्यांनी विभागलेले पाच बगिचे आले. तेच फाइव्ह गार्डन्स. बगिच्यांना अधिकृत नाव जोशींचंच आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहावं! शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. डॉ. आंबेडकरांनी ‘राजगृह’ बांधलं ते याच हिंदू कॉलनीत.

पश्चिमेला, माहीमच्या बाजूला, महापालिकेने 1925 मध्ये मोठं मैदान खुलं केलं. त्याचं नाव माहीम पार्क. दोनच वर्षांनी, शिवजन्माच्या तेव्हाच्या गणनेनुसार त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या इमारती बहुतांश त्यानंतरच्या, म्हणजे मैदान आधी आणि वस्ती मागाहून. आता कुठल्या उपनगरात हा क्रम सापडेल?

बाग म्हणून आखलेली जागा बागच राहिली, पण मैदानाला लोकांनी हवा तो आकार दिला. रमाकांत आचरेकरांनी इथल्या खेळपट्ट्यांवर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीला घडवलं. 30 ऑक्टोबर 1966 ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथेच भरला. सभांच्या गोंगाटाला कंटाळलेले रहिवासी न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या परिसराला शांतताक्षेत्राचे नियम लागू केले. पुढे मोजक्या दिवसांना सूट मिळाली. त्यातला एक 6 डिसेंबर. जवळच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्यभरातून लाखो लोक येतात. त्या दोन-तीन दिवसांत मैदानावर निवाऱ्याचे मांडव, पाण्याचे टँकर आणि पुस्तकांची ओळीने लागलेली दुकानं असतात.