मी काय चोर आहे का?

गुन्हा करणाऱ्याला चूक-बरोबर कळत नाही, असं आपण धरून चालतो. १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी अभ्यासकांनी बालगुन्हेगारांबद्दल उलटच मांडलं: कळतं, चांगलं कळतं. फक्त मनाला गप्प करणारी सबब आधीच तयार असते.

अशा पाच सबबी त्यांनी सांगितल्या. ‘माझा इलाज नव्हता.’ ‘कुणाचं काय बिघडलं?’ ‘त्याची तीच लायकी होती.’ ‘बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे?’ आणि ‘दोस्तासाठी केलं.’

मला दुसरी फार आवडते. गाडी चोरणारी पोरं ती ‘उसनी घेतली’ म्हणतात, हे उदाहरण त्यांच्याच लेखातलं. आता आपलं बघा. ऑफिसचं पेन आपण ‘आणलं’ म्हणत नाही, ते खिशातून ‘आलं’ म्हणतो. व्याकरणसुद्धा सामील!

सबब खरंच कृत्याच्या आधी सुचते की नंतर, यावर अभ्यासकांचा वाद आहे. माझ्या मते दोन्ही होतं.

पुढच्या वेळी रिकामा रस्ता बघून सिग्नल तोडाल, तेव्हा पाचांपैकी कितवी सबब आठवली ते मला नक्की सांगा.