क्रूझवरचा ‘सी-डे’: बंदर नसलेल्या दिवशी जहाजावर काय चालतं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ओघ तसाच ठेवला आहे.)

क्रूझची कुठलीही जाहिरात आठवा. फोटो कशाचे असतात? बंदरांचे. पांढरी घरं, किल्ले, बाजार. पण लांबच्या क्रूझचं वेळापत्रक उघडलं की मध्ये मध्ये तारखेसमोर फक्त दोन शब्द दिसतात, ‘ॲट सी’. कधी एक दिवस, कधी सलग पाच-सहा. यालाच सी-डे म्हणतात. आई-बाबांना निवृत्तीनंतर अशा प्रवासाला पाठवायचा विचार करणारे बरेच जण इथेच अडतात. एवढे पैसे भरायचे आणि दिवसभर नुसतं पाणी बघायचं?

उदाहरणाला क्वीन मेरी 2 घेऊ. 2004 पासून प्रवासी नेणारं, 345 मीटर लांबीचं जहाज. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून अटलांटिक ओलांडून सात रात्रींत न्यूयॉर्क. वाटेत सहसा एकही बंदर नाही, म्हणजे सगळे सी-डेच. हे जहाज ताशी 30 नॉटच्या आसपास पळू शकतं आणि पूर्वी हाच प्रवास सहा रात्रींत व्हायचा. मग एक रात्र वाढली कशाला? इंधनासाठी. पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के कमी केला तर लागणारी शक्ती जवळपास 27 टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो तो हिशेब धरला तरी ढकलण्यासाठीचं इंधन 19 टक्क्यांच्या आसपास वाचतं. म्हणजे तुमच्या निवांतपणामागे कंपनीचंही गणित आहे. त्यात वाईट काही नाही, पण माहीत असावं.

आता वेग किती, तर 20 नॉट धरा, ताशी 37 किलोमीटर. आपल्या रस्त्यावर एवढ्या वेगाला कुणी वेग म्हणणार नाही. पण जहाज थांबत नाही ना! 24 तासांत साधारण 890 किलोमीटर होतात. मुंबईहून निघालात तर नागपूर मागे टाकाल. आणि एवढं कापूनही खिडकीतलं दृश्य तेच. डेक पाण्यापासून 30 मीटर उंच असेल तर क्षितिज फक्त 20 किलोमीटरवर असतं. त्या वर्तुळात दिवसभर दुसरं जहाज दिसलंच नाही, असं सहज होतं. म्हणून दुपारी बाराला कॅप्टन स्पीकरवरून जहाज कुठे आहे, वारा किती, खाली समुद्र किती खोल, हे सांगतो तेव्हा लोक जेवता जेवता थांबून ऐकतात.

सगळ्यात गमतीची गोष्ट मात्र घड्याळाची. न्यूयॉर्क इंग्लंडच्या पाच तास मागे आहे. विमानाने गेलात तर हे पाच तास एकदम अंगावर येतात आणि दोन-तीन दिवस झोपेचा बोजवारा. जहाज ते हप्त्याने फेडतं. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे. म्हणजे त्या आठवड्यातले पाच दिवस 25 तासांचे! उलट दिशेने येताना पाच दिवस 23 तासांचे. बीपीच्या किंवा इन्सुलिनच्या वेळा ठरलेल्या असतील तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. ‘सकाळी आठला’ म्हणजे कुठल्या आठला, हा प्रश्न इथे खरोखर पडतो.

प्रवाशांच्या करमणुकीवर मी फार बोलत नाही. व्याख्यानं, नाच, पत्ते, वाचनालय, दुपारचा चहा, सगळं असतं. या जहाजावर तारांगण आहे आणि कुत्र्यांसाठी वेगळी जागासुद्धा. तिथे कुत्र्यांना घरची आठवण यावी म्हणून न्यूयॉर्कचा फायर हायड्रंट आणि इंग्लंडचा दिव्याचा खांब उभा केलाय. दुकानं आणि कॅसिनो बहुतेक बंदरांत बंद ठेवावे लागतात, सी-डेला ते मोकळे. तेव्हा पाकीट सांभाळा, हे वेगळं सांगायला नको.

खालच्या मजल्यांवर मात्र याच दिवशी खरी धांदल. नळाला येणारं पाणी जहाज समुद्रातूनच बनवतं. इंजिनाची उष्णता वापरायची, भांड्यातला हवेचा दाब कमी करायचा, मग पाणी 100 अंशांच्या बरंच खाली उकळतं. त्या वाफेचं गोडं पाणी. बंदराजवळचं पाणी घाण असतं, त्यामुळे हे काम खुल्या समुद्रातच बरं. सांडपाण्याचंही तसंच. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्रक्रिया न केलेलं मैलापाणी किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. प्लॅस्टिक तर कुठेच टाकता येत नाही, मध्यसमुद्रातही नाही.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी खास. एक, बोट लागणं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर त्यांचा फारसा उपाय नाही. म्हणून खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, झुल्याचा मध्य सगळ्यात कमी हलतो तसंच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जहाजावर डॉक्टर, नर्स, छोटं रुग्णालय असतं, पण अटलांटिकच्या मध्यावर किनाऱ्यावरच्या हेलिकॉप्टरची पोहोच संपलेली असते. हृदयाचा त्रास झाला तर जहाजावर शक्य तेवढे उपचार करायचे आणि जहाज किनाऱ्याजवळ येईपर्यंत थांबायचं. उपचारांचं बिल वेगळं लागतं. विमा घेताना तो जहाजावरून हलवण्याचा खर्च देतो का, ही ओळ शोधून वाचा. प्रकृती नाजूक असेल तर सलग सी-डे किती आहेत ते मोजूनच मार्ग निवडा, एजंट काही म्हणो.

आता कर्मचाऱ्यांकडे वळू. क्वीन मेरी 2 वर प्रवासी साधारण 2,700 आणि कर्मचारी 1,200 च्या वर. अशा जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबी तलावच्या बाजूला त्यांच्या गावोगावच्या कूड आहेत, जहाजाचा कॉल येईपर्यंत राहायच्या जागा. बंदराच्या दिवशी प्रवासी खाली उतरतात, जहाज निम्मं रिकामं होतं आणि यांतल्या काहींना दोन तास पाय मोकळे करायला मिळतात. सी-डेला कुणीच उतरत नाही. तिन्ही त्रिकाळ जेवण, बार भरलेले, खोल्यांची साफसफाई दोनदा.

त्यांच्या तासांना कायदा आहे, 2006 चा सागरी कामगार करार, 2013 मध्ये लागू झालेला. कामाच्या तासांची मर्यादा पाळायची तर 24 तासांत 14 च्या वर काम नाही, आठवड्यात 72 च्या वर नाही. किंवा विश्रांतीच्या बाजूने मोजायचं तर 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती. दहा तासांचे दोनच तुकडे करता येतात, त्यातला एक निदान सहा तासांचा. हा करार ‘कुठल्याही 24 तासांचा कालावधी’ मोजतो, भिंतीवरच्या घड्याळातला दिवस नाही. त्यामुळे 25 तासांच्या दिवसातला जादा तास आपोआप कामाचा होत नाही. 23 तासांच्या दिवसात मात्र तो एक तास बहुधा कुणाच्या तरी झोपेतून जायला बघतो.

याच करारात दुरुस्ती होऊन डिसेंबर 2024 पासून कर्मचाऱ्यांना घरच्यांशी संपर्कासाठी इंटरनेट उपलब्ध करून देण्याचं कलम आलंय. पण घड्याळाचा घोळ राहतोच. जानेवारीत साउदॅम्प्टन सोडलं तेव्हा मडगावात रात्रीचे नऊ म्हणजे जहाजावर दुपारचे साडेतीन, जेवण आणि चहाच्या मधला मोकळा वेळ. घरी मुलं अजून जागी असतात. दुसऱ्या एखाद्या रात्री घड्याळ मागे गेलं की तेच नऊ अडीचला येतात, मग दीडला, मग साडेबाराला, ऐन जेवणाच्या गर्दीत. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत मडगावचे नऊ सकाळच्या साडेदहावर आलेले असतात, जेव्हा खोल्या आवरायचं काम अर्ध्यावर असतं.