माप रायफलीचं की खांद्याचं?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीचा हंगाम येतो. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या शिकारीचे जे नऊ दिवस असतात, त्यांत पाच लाखांहून अधिक माणसं रानात उतरतात. पेनसिल्व्हेनियात तर हंगामातल्या एका सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते. अशा दिवसांत तिथल्या बंदुकीच्या दुकानात एखादा नवखा येतो आणि विचारतो, ‘मला माझी पहिली रायफल घ्यायची आहे. कुठली घेऊ? आणि कुठल्या कॅलिबरची?’

आपल्याकडे हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ साली त्यात झालेली दुरुस्ती यांनी हौसेची शिकार आपल्या देशात बंद केली. ते योग्यच झालं. पण शिकारकथा वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. शिवाय आपली कितीतरी मुलं आज त्या देशात नोकरी करतात, आणि शेजाऱ्यानं आणून दिलेलं हरणाचं मांस काहींच्या घरी शिजतंही. उद्या तो शेजारी म्हणाला, ‘चल आमच्याबरोबर’, तर? एक गोष्ट त्यांनी आधीच लक्षात ठेवावी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं मुळात बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक.

पण या विषयाकडे मी वळलो तो आधी शब्दांमुळे. ‘बंदूक’ हा अरबी शब्द. ‘बुंदुक’ म्हणजे एक कठीण कवचाचं छोटं गोल फळ. त्याच्या आकाराची गोळी, आणि पुढे ती गोळी फेकणारं हत्यार, असा त्याचा प्रवास झाला. ‘शिकार’ फारशीतून आला. आणि ‘कॅलिबर’? दिसायला इंग्रजी, पण बहुतेक कोशकार त्याचं मूळ अरबी ‘क़ालिब’मध्ये सांगतात. क़ालिब म्हणजे साचा. उर्दूत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, देह. रूह आणि क़ालिब, आत्मा आणि देह, अशी जोडी उर्दू कवितेत सतत भेटते. साचा आणि देह हे दोन्ही अर्थ आपण लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडतील.

आता कॅलिबर म्हणजे काय ते पाहू. रायफलीच्या नळीला आतून मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. फिरणारा भोवरा जसा पडत नाही, तशी फिरणारी गोळी भरकटत नाही, सरळ जाते. साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीत आणि रायफलीत फरक आहे तो हाच. या नळीचा आतला व्यास म्हणजे कॅलिबर, आणि तो इंचाच्या शंभराव्या किंवा हजाराव्या हिश्शात सांगतात. एन.सी.सी.त ज्यांनी ‘पॉइंट टू-टू’ चालवली, त्यांनी ०.२२ इंचाची रायफल चालवली.

आपल्या गावाकडची ‘बारा बोअर’ मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे बारा हे माप इंचाचं नसतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते.

रायफलीच्या काडतुसांची नावं तर नवख्याला चक्रावून टाकतात. ‘थर्टी-ऑट-सिक्स’मधले तीस म्हणजे ०.३० इंच, आणि सहा म्हणजे १९०६ हे साल. ‘थर्टी-थर्टी’ हे १८९५चं जुनं काडतूस. त्यातले दुसरे तीस म्हणजे दारूचं वजन, तीस ग्रेन. ग्रेन हे दाण्यावरून आलेलं माप, आपल्याकडे सोनं गुंजेत तोलत तसं. ‘थ्री-नॉट-एट’ हे १९५२चं. त्यातला आकडा गोळीच्या व्यासाचा, ०.३०८ इंच. गंमत अशी, की थर्टी-थर्टी, थर्टी-ऑट-सिक्स आणि थ्री-नॉट-एट या तिन्हींच्या गोळीची जाडी एकच, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. फरक मागच्या पुंगळीत आणि तिच्यात मावणाऱ्या दारूत असतो. म्हणून नुसता व्यास सांगून भागत नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

नवख्याचा पहिला ओढा असतो तो सगळ्यात जोरदार काडतुसाकडे. जनावर मोठं, तर गोळीही मोठी हवी, हे त्याला साहजिक वाटतं. दुकानदारही कधीकधी ‘मॅग्नम’ हा शब्द मोठ्या थाटात उच्चारतो. पण जितका जोर पुढे जातो, त्याच्या हिशेबानं धक्का मागेही येतो. ‘टू-फॉर्टी-थ्री’ या काडतुसाचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्म्याहून कमी असतो, आणि ‘थ्री-हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम’चा त्याच्याही बराच पुढे जातो. खांद्याला दोन-चार वेळा असा दणका बसला की शरीर शहाणं होतं. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी झुकते. आपण असं करतो आहोत हे त्या माणसाच्या गावीही नसतं.

हे दाखवून द्यायला तिथले शिकवणारे एक साधी युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत नकळत एक खोटं काडतूस घालून देतात. चाप ओढला जातो, आवाज होत नाही, आणि नळी मात्र चटकन खाली डुचकते. बघणाऱ्या सगळ्यांना कळतं की हा माणूस आवाजाला घाबरतो आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. रायफल एवढंच सांगते आहे, की तुझ्या देहाच्या साच्यात मी अजून बसत नाही.

मग नेम किती अचूक हवा? अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण आठ इंचांची, आपल्या नाश्त्याच्या बशीएवढी. गोळी तिथे लागली तर जनावर काही क्षणांत कोसळतं. पोटात किंवा पायात लागली तर ते तासन् तास, कधी दिवसभर रानात तडफडतं, आणि पुष्कळदा सापडतही नाही. म्हणून नवख्यानं कागदी बशी टांगून सराव करावा, असं सांगतात. ज्या अंतरावरून दर वेळी, अगदी दर वेळी, गोळी बशीत बसते, तेवढीच आपली मर्यादा. मोठ्या कॅलिबरची चुकलेली गोळी लहान कॅलिबरच्या नेमक्या गोळीपेक्षा दयाळू नसते. कुर्बानीच्या आधी सुरीला धार लावा, जनावराला त्रास होऊ देऊ नका, असं आमच्या घरांतली वडीलधारी माणसं सांगतात. मला वाटतं, कॅलिबरचा सगळा विचार या एका वाक्यात आला.

मग घ्यावं काय? पहिली पायरी पॉइंट टू-टू. तिला धक्का नाही, आवाज कमी, गोळी स्वस्त. हरणासाठी ती चालत नाही, बहुतेक ठिकाणी कायद्यानंही नाही; पण श्वास रोखणं, चाप हलक्या हातानं दाबणं, नळीचं तोंड कधीच माणसाकडे न वळवणं, हे सगळं तिच्यावर शिकता येतं. त्यानंतर हरणाच्या शिकारीसाठी टू-फॉर्टी-थ्री, ‘सेव्हन एमएम-झिरो-एट’ किंवा २००७ साली आलेलं ‘सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर’ ही मवाळ धक्क्याची काडतुसं. शरीर दणकट असेल आणि पुढे एल्कसारख्या मोठ्या जनावराचा बेत असेल, तर थ्री-नॉट-एट. यांतली बहुतेक काडतुसं छोट्या गावातल्या दुकानातही मिळतात, आणि हा गुण लहान नाही.

रायफल शक्यतो बोल्टची घ्यावी. हातानं खटका मागे ओढायचा, पुंगळी बाहेर टाकायची, पुन्हा पुढे ढकलायचा. रचना साधी, बिघाड कमी, आणि नळी रिकामी आहे की नाही हे उघड्या डोळ्यांना दिसतं. वजन दुर्बिणीसकट साडेतीन-चार किलोच्या आसपास असावं. डोंगर चढताना हलकी रायफल बरी वाटते, पण हलकी रायफल धक्का अधिक देते. दस्त्याची लांबी आपल्या हाताला जुळते का ते पाहावं, कारण लांब दस्ता खांद्यात नीट बसत नाही आणि आखूड दस्ता असला की दुर्बीण भुवईवर आपटते. जाड थंडीचा कोट घालून हे पाहावं, कारण शिकारीला तो अंगात असणारच. आणि सगळे पैसे रायफलीत घालू नयेत. काही दुर्बिणीला आणि पुष्कळसे सरावाच्या काडतुसांना राखून ठेवावेत.

गोळीबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगायला हवी. शिकारीची गोळी लागल्यावर फुलते, म्हणजे तिचं टोक पसरतं आणि जनावर लवकर मरतं. अशी फुलणारी गोळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनवली, म्हणून ती जगभर ‘दमदम गोळी’ म्हणून बदनाम झाली. १८९९च्या हेगच्या परिषदेत जाहीरनामा निघाला, की युद्धात माणसावर ती वापरू नये. शिकारीत मात्र उलटा न्याय. तिथे न फुलणारी लष्करी गोळी बहुतेक ठिकाणी वर्ज्य, कारण ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. युद्धात जे क्रौर्य, तेच रानात दया ठरतं. अलीकडे गोळीतल्या शिशाचाही विचार होऊ लागला आहे. मेलेल्या जनावराच्या आतड्यांतून ते शिसं गिधाडांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियात तिथल्या काँडोर गिधाडांच्या काळजीपोटी २०१९पासून शिशाच्या गोळीनं शिकार करायला बंदी आहे.

काही देशांनी हे सगळं नवख्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. जर्मनीत लहान ‘रो’ हरणासाठी गोळीत शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे, आणि त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी कॅलिबर किमान ६.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २००० ज्यूल हवी. त्याआधी शिकाऱ्याची परीक्षा असते ती निराळीच. नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याला दर वर्षी किमान ३० गोळ्यांचा सराव करून पाच गोळ्यांची चाचणी पार करावी लागते. गेल्या वर्षी पास झालो होतो, हे या वर्षी चालत नाही.

चुकलेल्या गोळीची किंमत नेहमी जनावरच मोजतं असं नाही. कुमाऊँमधली चंपावतची वाघीण आठवा. ४३६ माणसांचा बळी घेतल्याची नोंद तिच्या नावावर आहे. १९०७ साली जिम कॉर्बेटनं तिला मारल्यावर दिसलं, की तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आहेत. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कॉर्बेटनं लिहून ठेवलं आहे, की ही जुन्या बंदुकीच्या गोळीची जखम होती आणि तिच्यामुळेच ही वाघीण आपली नेहमीची शिकार सोडून माणसांकडे वळली. कुणीतरी, कधीतरी, अर्धवट नेमानं चाप ओढला होता.

त्या कामगिरीबद्दल कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, ती काही तोफेसारखी नव्हती. ती होती ‘टू-सेव्हंटी-फाइव्ह रिग्बी’, म्हणजे सात मिलिमीटरची, आजच्या हिशेबानं मध्यम आणि मवाळ धक्क्याची. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या त्यानं मारला तो याच रायफलीनं. मोठ्या जनावरासाठी त्याच्याकडे जड दुनळी रायफलही होती. पण खांद्याला आणि हाताला सरावलेली रायफल काय करू शकते, हे रुद्रप्रयागच्या त्या रात्री दिसलं.

तेव्हा पहिली रायफल घेणाऱ्यानं कुणाची तरी रायफल मागून घ्यावी, जाणत्या माणसाबरोबर चांदमारीच्या मैदानावर जावं आणि वीस गोळ्या झाडून पाहाव्यात. विसाव्या गोळीलाही डोळे उघडे राहिले आणि बशीला भोक पडलं, तर ते कॅलिबर आपलं. नाही पडलं, तर एक पायरी खाली यावं. तरीही नाहीच पडलं, तर त्या वर्षी दुर्बीण घेऊन हरणं नुसती पाहावीत. तीही कमी देखणी नसतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)