रात्रीचें आकाश व फिल्टरची कांच

पन्हाळ्याच्या तटावरून रात्रीं कोल्हापुराकडे पाहिलें असतां शहराच्या डोक्यावर उजेडाची धुकट छत्री पसरलेली दिसते. ज्यांनीं अंगणांत निजून आकाशगंगा पाहिली त्यांचींच नातवंडें आज ती पुस्तकांतील चित्रांत पाहतात. कॅमेऱ्याची आवड असलेले आमचे कांहीं विद्यार्थी विचारतात कीं, भिंगापुढें एक विशेष कांच, म्हणजे फिल्टर, बसविला असतां हा उजेड नाहींसा होतो, हें खरें काय? फिल्टर स्वस्त नसतो; तेव्हां पालकांनींही याचें उत्तर जाणून घेतलेलें बरें.

चुलीच्या ज्वालेंत चिमूटभर मीठ टाकावें; ज्वाला क्षणभर पिंवळी होते. मिठांतील सोडियमचा हा रंग. रस्त्यांवरील जुन्या सोडियम दिव्यांचा बराचसा प्रकाश याच रंगाच्या, म्हणजे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, आसपास असतो. उलटपक्षीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघ हायड्रोजनचा तांबडा (६५६.३) व ऑक्सिजनचा हिरवट (५००.७) असे निराळेच रंग देतो. निओडिमियम नांवाचें द्रव्य मिसळलेली कांच तो पिंवळा रंग गिळते व हे दोन पुष्कळसे जाऊं देते. चोर तेवढा अडवावा व पाहुण्यास वाट द्यावी, असें तिचें काम.

आमच्या शहरास ही विद्या नवी नाहीं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या उपकरणांनीं आकाशाची स्वतःची मंद दीप्ति टिपली आहे. सुमारें २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणु ६३०.० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतात. तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु तेवढाच रंग आंत सोडणाऱ्या फिल्टरमधून, चंद्र नसतांना, छायाचित्रांत उमटतो.

मात्र आतां दिवे बदलले आहेत. २०१५ सालीं देशभर रस्त्यांवर एल.ई.डी. दिवे लावण्याची योजना सुरू झाली. विजेची बचत झाली, हें मान्य केलेंच पाहिजे. पण या पांढऱ्या दिव्यांत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असून पुढें हिरव्यापासून तांबड्यापर्यंत अखंड पट्टा असतो. अडवावयाचें तरी काय काय? ताऱ्यांचा प्रकाशही असाच अखंड. दिव्याचा रंग अडविला कीं ताऱ्याचाही तितकाच अडतो. म्हणून तेजोमेघांसाठीं, अगदीं अरुंद रंगपट्टा सोडणारा फिल्टर आजही उपयोगीं पडतो. आकाशगंगेसाठीं मात्र राधानगरी-दाजीपूरच्या बाजूस, शहरापासून दूर जाणें हाच उपाय. महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती तेथील दिवे झांकून व त्यांचें तोंड खालीं वळवून. फिल्टर लावून नव्हे.

फिल्टर विकत घेण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. घरांतील जुनी सीडी घेऊन आपल्या गल्लींतील दिव्याखालीं तिरकी धरावी. रंगांचे पट्टे मध्यें काळ्या फटी सोडून तुटक दिसले, तर फिल्टरचा कांहीं उपयोग होईल. रंग इंद्रधनुष्यासारखे सलग दिसले, तर ते पैसे दाजीपूरच्या एस.टी.च्या तिकिटासाठीं ठेवावे.