नवरा परदेशात, लेक माहेरी : तलाकचा निकाल कुठे लागतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. कापूस-सोयाबीनचा हा मुलूख. शेतीवर घर भागत नाही म्हणून अशा गावांतली मुले पुण्या-मुंबईला जातात, तर काही जण पासपोर्ट काढून सौदी, दुबई, कतारची वाट धरतात. कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर, कुणी एसी मेकॅनिक. सुट्टीत येतात, निकाह होतो, सुट्टी संपली की परत जातात. बहुतेकांचे संसार नीट चालतात. पण जे मोडतात, त्यांचे काय होते याचा विचार आपण निकाहच्या दिवशी करत नाही.

समजा, अशाच एका घरातली लेक तीन वर्षांपासून माहेरी आहे. आधी पैसे यायचे कमी झाले, मग बंद झाले. एका रात्री मोबाइलवर संदेश आला, एकच शब्द तीन वेळा. सासरचे म्हणतात, विषय संपला. जमातीतला एक म्हणतो तलाक झाला, दुसरा म्हणतो झाला नाही. तिला इद्दत कधीपासून मोजायची ते कळत नाही, दुसऱ्या निकाहाचा विचार करता येत नाही आणि नफका मागायचा धीरही होत नाही. अब्बा वकिलाकडे जायला कचरतात. “जावई तिकडे, मग केस करायची कुठे?” हाच त्यांचा प्रश्न. आज आम्ही याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

संदेशाने निकाह तुटत नाही

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. त्यानंतर 2019 मध्ये संसदेने कायदा केला. त्यानुसार असा तलाक तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही मार्गाने दिला तरी तो अवैध आहे. देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तक्रार पत्नी स्वतः किंवा तिचे रक्ताचे अथवा लग्नाने झालेले नातेवाईक करू शकतात. म्हणजे त्या संदेशाने आपल्या लेकीचा निकाह तुटलेला नाही. तो संदेश पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असा त्याचा फोटो काढून ठेवा, फोनही जपून ठेवा.

त्याआधी मे 2002 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितले होते की, पतीने नुसते ‘तलाक दिला’ म्हणणे पुरेसे नाही. त्याला कारण सिद्ध करावे लागते आणि समेटाचा प्रयत्न झाल्याचेही दाखवावे लागते. सूरह निसाच्या 35व्या आयतीत हाच मार्ग सांगितलेला आहे : दोन्ही घरांतून एकेक पंच नेमावा. पंचांची बैठक आज व्हिडिओ कॉलवरही घेता येते. मुलगा परदेशात आहे ही समेट टाळण्याची सबब होऊ शकत नाही.

तिकडच्या कोर्टाचा कागद आला तर?

कधी कधी संदेशाऐवजी परदेशी न्यायालयाचा निकाल येतो. भाषा कळत नाही, पण शिक्का पाहून घरचे हादरतात. इथे 1991 चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिरुपतीत लग्न झालेल्या एका जोडप्यातील पतीने अमेरिकेच्या मिसुरी राज्यातून घटस्फोट मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तो खटला हिंदू विवाहाचा होता, पण त्याचा आधार असलेले दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 13 सर्वांनाच लागू आहे. परदेशी न्यायालयाला अधिकार नसेल, निकाल गुणदोष न पाहता लागला असेल किंवा नैसर्गिक न्याय डावलला गेला असेल, तर तो निकाल भारतात अंतिम मानला जात नाही.

त्याच निकालातून एक सावधगिरीही घ्यायची आहे. पत्नीने स्वखुशीने त्या न्यायालयात हजर राहून बाजू मांडली किंवा संमती दिली, तर चित्र बदलते. म्हणून “फक्त सही करून पाठव” असे कुणी म्हणाले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि नोटीस आली तर ती फाडून टाकू नका, तिलाही सल्ला घेऊन उत्तर द्यायचे असते.

दावा इथेच करता येतो

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. नफक्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीचे कलम 125) पत्नी जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो. दुबईला जावे लागत नाही. हा हक्क घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी स्पष्ट केले. नफका अर्जाच्या तारखेपासून मिळावा, असे 2020 च्या निकालात सांगितले आहे. म्हणून उशीर करणे परवडत नाही.

लेकीलाच निकाह संपवायचा असेल, तर 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. पतीने दोन वर्षे नफका दिला नाही, तीन वर्षे योग्य कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्ये पाळली नाहीत, किंवा चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नाही, तर न्यायालय निकाह रद्द करू शकते. ठावठिकाणा नसल्यास पतीच्या वारसांना नोटीस जाते आणि त्याचा भाऊ व चुलता, असल्यास, दाव्यात सामील केले जातात. दोघांची संमती असेल तर मुबारातचा मार्ग सोपा आहे. पत्नी मागणारी असेल तर खुलाचा. तोंडी न ठेवता दोन्हींचा लेखी करार करून न्यायालयाकडून तशी घोषणा घ्यावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

“नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी?” असेही विचारले जाते. परदेशी पत्त्यावर सरकारी मार्गाने समन्स जाते. त्याला वेळ लागतो. त्यामुळे न्यायालयाची परवानगी मागून ईमेल व व्हॉट्सअॅपवरही समन्स पाठवण्याची विनंती वकिलाने करावी. साक्षही व्हिडिओ कॉन्फरन्सने देता येते. नफक्याचा आदेश पाळला नाही, तर पतीच्या नावावरची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. त्याच्या नावाचा सात-बारा असेल तर उतारा काढून ठेवा. न्यायालयाचे समन्स किंवा वॉरंट निघाल्याचे कळल्यावर पासपोर्ट अधिकारी 1967 च्या पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट जप्त करू शकतात.

खर्चाची भीती असेल तर हे ऐका : विधी सेवा कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. फोन 15100. परदेशी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष 2009 पासून काम करतो. लेक स्वतः परदेशात अडकली असेल, तर तिथला भारतीय दूतावास हा पहिला दरवाजा.

निकाहच्या दिवशीच

या सगळ्यात सर्वात स्वस्त उपाय लग्नाआधीचा आहे. जावयाच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत, तिथल्या ओळखपत्राचा क्रमांक, कंपनीचे नाव आणि राहण्याचा पत्ता मागून घ्या. हा अविश्वास नव्हे, हिशेब आहे. निकाहनाम्याची स्वतंत्र प्रत लेकीकडे असू द्या. मेहर किती आणि कधी द्यायचा ते स्पष्ट लिहा. ठरलेल्या अटी मोडल्या तर पत्नीला स्वतःहून वेगळे होता येईल, असा तफवीजचा हक्कही निकाहनाम्यात लिहून घेता येतो. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून घ्या. त्या कागदाशिवाय पुढे दूतावासात आणि कोर्टात फेऱ्या वाढतात.

सूरह निसाच्या 129व्या आयतीत पत्नीला लटकत ठेवू नये अशी ताकीद आहे. नांदवायचे तर नांदवा, सोडायचे तर रीतसर सोडा, पण मधल्या मध्ये ठेवू नका. फुलसावंगीतली आपली ती कल्पनेतली लेक आज नेमकी तिथेच आहे, ना धड बायको, ना धड मोकळी. तिला तिथून बाहेर काढणे हे तिच्या अब्बांचे, भावाचे आणि जमातीचेही काम आहे. कोर्ट परदेशात नाही. पहिला अर्ज आपल्याच तालुक्याच्या गावी लिहायचा आहे.