सुट्टीचा प्लॅन : सोमवार, मंगळवार आणि नळाचा वार

पेपर संपले, आता दोन-तीन दिवस कुठंतरी भटकून यायचं असा विचार असेल, तर तारीख ठरवण्याआधी तीन वार बघून घ्या. सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. मंगळवारी वेरूळ बंद. आणि तिसरा वार तुमच्या गल्लीचा, म्हणजे नळाला पाणी यायचा. हा तिसरा वार कुठल्याही ट्रॅव्हल अ‍ॅपवर सापडणार नाही. पण मुकुंदवाडीत राहणाऱ्याला तो विचारावा लागत नाही. त्या दिवशी ड्रम, टाकी, हंडे भरायला घरात हात कमी पडणार असतील, तर आदल्या दिवसापर्यंत 'जाऊन या' म्हणणारी आईसुद्धा 'उद्या नको रे बाबा' म्हणते.

म्हणून आधी नळाचा वार, मग बाकीचं.

आता तुम्ही म्हणाल, मे महिन्यात आणि आपल्याच जिल्ह्यात फिरायचं? परदेशी पाहुण्यांसाठीच्या गाइडमध्ये आपल्याकडे यायचा काळ हिवाळ्याचा सांगितलेला असतो. पाऊस नाही, रस्ते कोरडे, हवा छान. बरोबरच आहे. पण आपली सुट्टी हिवाळ्यात कुठं असते? तेव्हा सबमिशन, प्रॅक्टिकल आणि परीक्षा चालू असतात. आपल्या वाट्याला येतो तो कोरड्या ऋतूचा दुसरा अर्धा भाग, जेव्हा पारा चाळिशीच्या आसपास असतो. ज्यांना परवडतं ते मनाली नाहीतर महाबळेश्वर गाठतात. बाकीचे कूलरसमोर मोबाइल घेऊन पडून राहतात. आणि इकडं शंभर किलोमीटरच्या आत दोन जागतिक वारसास्थळं उभी आहेत. वेरूळ आणि अजिंठा, दोन्ही १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलीत ती थेट चौथी-पाचवीच्या सहलीत, रांगेत, पुढच्याचा शर्ट धरून.

उन्हाळ्यात ती पाहता येतात. फक्त प्लॅन घड्याळाप्रमाणे न करता उन्हाप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे करायला लागतो. गंमत म्हणजे ज्यांनी या जागा उभ्या केल्या, त्यांनीही तेच केलं होतं.

भिक्खूंचं कॅलेंडर

बौद्ध भिक्खू वर्षभर फिरत असत आणि पावसाळ्यात एका जागी थांबत. त्याला वर्षावास म्हणतात. लेण्यांमधले विहार हे त्या मुक्कामाचं ठिकाण. म्हणजे पावसात थांबायचं आणि कोरड्या दिवसांत चालायचं, हे या मुलुखाचं जुनं प्रवासाचं कॅलेंडर आहे. अजिंठ्याची लेणी पुन्हा जगासमोर आली तीसुद्धा ऐन उन्हाळ्यात. शिकारीला आलेला ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ तिथं पोचला तो दिवस होता २८ एप्रिल १८१९. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. (त्याचं अनुकरण करायचं नाही, हे सांगायला नकोच.)

पाण्याची सोय कशी करायची तर कातळातच टाकं खोदायचं. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' हा शब्द येतो. लोकांनी पोढीसाठी दान दिल्याच्या नोंदी दगडात कोरलेल्या आहेत. आपण मूर्ती बघतो, फोटो काढतो आणि बाजूच्या टाक्याला वळसा घालून पुढं जातो. या वेळी तिथं मिनिटभर थांबा.

वेरूळ : सूर्य डोंगरामागे असताना

वेरूळ शहरापासून साधारण तीस किलोमीटर. मुकुंदवाडीहून जालना रोडनं मध्यवर्ती बसस्थानक गाठायचं, तिथून एसटी. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे (महिला सन्मान योजना, मार्च २०२३ पासून), त्यामुळे ग्रुपचं बजेट करताना ते धरा. लेण्यांचं प्रवेश तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. एवढ्या स्वस्तात जग बघायला मिळतंय ते आपल्यालाच.

वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. ही एक गोष्ट कळली की निम्मा प्लॅन झाला. सकाळी सूर्य डोंगराच्या मागं असतो, त्यामुळे लेण्यांचा दर्शनी भाग सावलीत राहतो. दुपार कलली की ऊन थेट समोरून आत येतं. म्हणून अंगाला सोसेल असं फिरायचं तर सकाळी लवकर पोचा आणि बारापर्यंत आटपा. कोरीव कामावर पडलेल्या उन्हाचे फोटो हवे असतील तर चारनंतर जा. दोन्ही एकाच फेरीत जमवायच्या नादात भर दुपारी आवारात फिरू नका.

एकूण ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी एका सकाळी होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. सोळावं कैलास लेणं आधी करा, कारण त्याचं अंगण उघडं आहे आणि दगड तापायला लागला की तिथं थांबवत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे मंदिर वरून खाली कोरत आणलेलं आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक छोटं देवालय आहे, गंगा, यमुना आणि सरस्वती यांचं. तीन नद्या, तिन्ही दगडात. मे महिन्यात ते बघताना वेगळंच वाटतं. मग दहावं विश्वकर्मा आणि बारावं तीन ताल ही लेणी बघा. त्यांच्या आत मात्र बराच वेळ बसता येतं. कातळाचा जाड थर सावकाश तापतो, म्हणून आत गारवा टिकतो.

एकोणतिसाव्या लेण्याला 'सीता की न्हाणी' असंही म्हणतात, कारण त्याच्या शेजारीच धबधब्याचं कुंड आहे. उन्हाळ्यात धबधबा नसतो. पण पाणी कुठून पडत असेल, त्याच्या खुणा कातळावर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यातल्या रीलमध्ये त्या कधीच दिसत नाहीत.

गावात घृष्णेश्वराचं मंदिर आहे, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं. तिथून जवळच शिवालय तीर्थकुंड आहे : चारही बाजूंनी पायऱ्या आणि उतरताना लागणारी छोटी छोटी मंदिरं. देवळात चप्पल बाहेर काढायची असते आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून पिशवीत एक सुती मोज्यांचा जोड टाका. हसू नका, दोन वाजता उपयोगी पडेल.

अजिंठा : पहिली गाडी पकडायची

अजिंठ्याला मात्र दिवस द्यावा लागतो. शंभर किलोमीटर, जळगाव रस्त्यावर. एसटीनं फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचं. तिथून पुढं खासगी गाड्या जात नाहीत, एसटीच्याच बसनं चार किलोमीटर आत जायचं. त्या बसचं तिकीट वेगळं असतं, सुटे पैसे जवळ ठेवा. लेणी सकाळी नऊला उघडतात. उघडतानाच तिथं असायचं तर मुकुंदवाडीतून पाचच्या सुमाराला निघावं लागेल. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर हा प्लॅन सरळ डिसेंबरवर ढकला.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेण्यांची रांग आहे. आत गारवा, पण एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात जाणारी वाट उघडी. त्यामुळे चालणं कमी आणि थांबणं जास्त, असं गणित ठेवा. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७, जुन्या चैत्यगृहांसाठी ९ आणि १०, आणि महापरिनिर्वाणातल्या बुद्धासाठी २६. एवढी सात नीट बघितली तरी खूप झालं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पुस्तकात शंभर वेळा पाहिलेला असतो. पण बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. लगेच बाहेर पडू नका. पाच मिनिटं शांत उभे राहा, चित्र हळूहळू दिसायला लागतं. फ्लॅश वापरायची परवानगी नाही. रंगांना प्रकाश बाधतो.

देवगिरी आणि शहर : एक पहाट, एक संध्याकाळ

तिसऱ्या दिवसाचे दोन तुकडे करा. देवगिरीचा किल्ला शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर आहे. चढ आहे आणि सावली कमी, म्हणून तो पहाटेचा. यादवांची ही राजधानी. पुढं १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली आणि नाव दौलताबाद ठेवलं. चांदमिनार आणि अंधारी सगळे बघतात. तुम्ही हत्ती हौदही बघा आणि डोंगर उभा तासून भोवती खोदलेला खंदकही. एवढ्या मोठ्या किल्ल्यात माणसं, जनावरं, फौज राहायची तर पाण्याचा हिशेब आधी, तोफांचा नंतर.

अकरापर्यंत खाली या, घरी जा, जेवा, झोपा. दुपारी बारा ते चार हा वेळ कुणाच्याच प्लॅनमध्ये नको.

संध्याकाळी पाणचक्की. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी हे शहर वसवलं, तेच आजचं आपलं शहर. नहर-ए-अंबरी ही त्याची पाण्याची योजना : जमिनीखालून पाणी आणून शहरात खेळवायचं, पंप नाही, वीज नाही, फक्त उतार आणि दाब. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्कीही असंच काही किलोमीटरवरून आणलेलं पाणी उंचावरून सोडून फिरवलेली. उन्हाळ्यात चक्की फिरताना दिसेलच असं नाही, पण ते पाणी कसं चढलं असेल याचा विचार करायला इंजिनीअरिंगच्या मित्राला सोबत न्या. तिथल्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. त्या काळचा कूलर म्हणा! तिथून बीबी का मकबरा जवळच आहे. उन्हं उतरल्यावर संगमरवर डोळ्यांना खुपत नाही. शेवट नान-खलियानं करा. शाकाहारी मंडळींसाठी उसाचा रस आणि टरबूज आहेच.

पिशवीत काय

टोपी किंवा सुती रुमाल, सैल सुती कपडे, ओआरएसची पाकिटं. खाण्यात धपाटे किंवा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. उन्हात ब्रेड-मेयोनीज खराब होतं, दशमी होत नाही. कुणाला चक्कर आली, घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध वाटू लागलं तर 'थोडं बसू, बरं वाटेल' असं करू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा, १०८ ला फोन लावा.

आणि पाणी. माणशी निदान तीन लिटर, घरूनच भरून. बाटल्या विकत घेत गेलात तर तिकिटापेक्षा पाण्यालाच जास्त पैसे जातील, आणि रिकाम्या बाटल्या वाघूरच्या पात्रात दिसतील ते वेगळंच.

पण घरून तीन लिटर भरताना एक गोष्ट लक्षात असू द्या. २०१९ च्या दुष्काळात आपल्या मुकुंदवाडीची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनी दिली होती. प्राथमिक शाळेत जाणारी मुलं रिकामी भांडी घेऊन मुकुंदवाडी स्टेशनवर गाडीत चढायची, मोठ्या स्टेशनवर उतरून पाणी भरायची आणि परतीच्या गाडीनं घरी यायची. रोजचा जाऊन-येऊन चौदा किलोमीटरचा प्रवास. त्याच स्टेशनवरून आपण सुट्टीला गावी जातो. तेव्हाची ती मुलं आता दहावी-अकरावीच्या वयाची असतील, कदाचित पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजला येतील.

ही गोष्ट तुमच्या सहलीचा मूड घालवायला सांगितलेली नाही. पोढी, तीर्थकुंड, हत्ती हौद, नहर हे सगळं याच कोरड्या जमिनीवर, याच अडचणीतून आलेलं आहे. पावसाळ्यात सगळीकडं हिरवं असताना ते कळत नाही. घसा कोरडा पडल्यावर बरोबर कळतं. म्हणूनच उन्हाळ्यातली ही सहल गैरसोयीची असली तरी हुकवण्यासारखी नाही. ती करताना दोन साधे नियम पाळा : उरलेलं पाणी ओतून न देता परत आणायचं, आणि एका बाटलीत तोंड धुवायचे लाड करायचे नाहीत.

तर मग आज रात्री ग्रुपवर 'कुठं जायचं?' असं विचारू नका. 'तुमच्याकडं पाणी कुठल्या दिवशी?' असं विचारा. सगळ्यांचे वार येऊ द्या. त्यातून सोमवार-मंगळवार वजा करा. जो दिवस उरेल, त्या दिवशीचा पहाटेचा गजर लावा.